डिसेंबरात मागे पडल्यासारखं वाटतं तेव्हा

मानसशास्त्रज्ञ ब्लूमा झायगार्निक यांनी १९२७ साली मांडलं होतं की अर्धवट राहिलेली कामं मनाला जास्त चिकटून राहतात. म्हणून डिसेंबरात नुसतं आठवून वर्षाचा हिशेब करू नका, तो राहिलेल्याच्याच बाजूने झुकतो.

फोनमधले फोटो आणि बँकेचं पासबुक घेऊन बसा. जानेवारीपासून एकेक महिना चाळा आणि प्रत्येकाखाली झालेल्या दोन-तीन गोष्टी लिहा. आजारपणात केलेली सेवा, फेडलेला हप्ता, हेही लिहाच. लोक नेमकं तेच गाळतात. तासाभराचं काम आहे.

मग राहिलेल्यांची यादी. प्रत्येकापुढे एकच निर्णय: ३१ तारखेच्या आत, पुढची ठरलेली तारीख, किंवा काट. काट मारणं सगळ्यात जड जातं, पण न मारता वीस कामं तशीच जानेवारीत ढकलली की फेब्रुवारीत पुन्हा तीच घालमेल. ३१च्या आत तीनच ठेवा. करबचतीची कामं यात नकोत, त्यांचं वर्ष ३१ मार्चला संपतं.

सोलापूरकरांनी आणखी एक पाहावं. संक्रांतीच्या सुमारास गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची यात्रा असते. नंदीध्वज, अक्षता सोहळा, घरी पाहुणे. त्या आठवड्यात नवीन सवय हमखास मोडते. सुरुवात यात्रेनंतरच्या सोमवारी ठेवा.

झोप, भूक दोन आठवडे बिघडलेली असेल तर मात्र यादी बाजूला ठेवा आणि टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं.