वारीत पाय नाही, पोट दुखलं

पायाला फोड येतील, भिजू, झोपेचं खोबरं होईल, हे सगळं धरूनच ज्येष्ठ वद्य सप्तमीला पैठणहून नाथांच्या पालखीमागं निघालो होतो, पण रस्त्यावर मेलेली जनावरं एवढी दिसतील हे काही डोक्यात नव्हतं. मला त्याची लहानपणापासून शिसारी. घरात पाल मेली तरी बायको उचलते अन् मी गॅलरीत जाऊन उभा राहतो, लपवायचं काय त्यात.

गाडीवर असलं की मान वळवायची, सेकंदात मागं जातं. पायी तसं नसतं. आधी वास येतो, मग माशांची भणभण, मग ते दिसतं, आणि दिंडीत रांग मोडून पळता पण येत नाही, पुढं तुळस घेतलेल्या बाया, मागं टाळकरी, तुम्ही मधी. मी आपलं पताकेकडं बघत चालायचो. पंगतीत पिठलं-भाकरी समोर आली तरी नाकात तोच वास.

पाटोद्याच्या अलीकडं रात्री दणकून पाऊस झाला. पहिल्या पावसात बेडकं बाहेर पडतात, डबक्याकडं जायला रस्ता ओलांडतात, त्यांच्यामागं साप, आणि दिवसभर तापलेलं डांबर रात्रीपण कोमट असतं म्हणून साप तिथंच पडून राहतात, मग येतो ट्रक. पहाटे निघालो तर रस्ताभर चपटे बेडूक, एक लांबच लांब धामण, अन् हे सगळं खायला आलेलं कुत्रंपण कुणीतरी उडवलेलं. आणि मी अनवाणी! लोकांचं बघून आदल्याच दिवशी जोशात चपला टेम्पोत टाकल्या होत्या. अंधारात पायाखाली काहीतरी मऊ, थंडगार आलं आणि फुटलं. मी बोंबलत एका पायावर उड्या मारत कडेला गेलो, रात्रीचं सगळं बाहेर.

गेवराईकडच्या एक मावशी होत्या, साठीच्या असतील. बाटलीतलं पाणी माझ्या पायावर ओतलं. "काय झालं लेकरा, बेडूकच हाय, वाघ न्हाई." मग म्हणाल्या धर जरा, आणि डोक्यावरची तुळस माझ्या डोक्यावर दिली. मला वाटलं पदर नीट करायचाय. तर सरळ त्या कुत्र्याकडं गेल्या, मागचे पाय धरून नालीत ओढलं, वर चार ओंजळी माती. "मागून आनवाणी माणूस यायलंय की," एवढंच. हात धुतले, तुळस घेतली, चालायला लागल्या. मी पार हादरलेलो.

नाथांनी रामेश्वराला न्यायचं कावडीतलं पाणी तहानलेल्या गाढवाला पाजलं, ही गोष्ट आमच्याकडं शाळेत जायच्या आधीच पोरांना पाठ असते. मला पण आहे. पण ते गाढव जिवंत होतं ना, जिवंत असेल तर मी पण पाजीन.

दुपारी टेम्पोतून चपला काढून परत घातल्या, लाज वाटली नाही. बाकी मी काय सुधारलो नाही, फक्त एक आयडिया सापडली, लांबून वास आला की मावशींना म्हणायचं, द्या तुळस, तुमची मान दुखत असंल. तुळस डोक्यावर असली की ओढायचं काम आपल्याकडं येत नाही. तीन-चारदा चाललं हे. परांड्याच्या पुढं एकदा असाच हात पुढं केला तर मावशी हसायलाच लागल्या आणि मागच्या बाईला म्हणाल्या, "ह्यानं तुळस मागितली की समजायचं, पुढं कायतरी मेलंय."