आधी मोजा, मग आवरा

प्रत्येक घरात एक खण असतो. त्यात संपलेल्या बॅटऱ्या, रबरबँडांचा गुंता, कुठल्याच कुलपाला न लागणाऱ्या किल्ल्या, मुदत उलटलेली वॉरंटी कार्डं आणि कशातून निखळला हे कुणालाच सांगता येणार नाही असा एक स्क्रू. घरधनी हयात असेपर्यंत या खणाचा कुणाला त्रास नसतो. मृत्युपत्रात एक्झिक्युटर, म्हणजे मालमत्तेची निरवानिरव करणारा, म्हणून ज्याचं नाव निघतं, त्याच्यापुढे मात्र एखाद्या दुपारी तो उघडा पडतो. आता ही मालमत्ता म्हणायची की कचरा?

लगेच काहीच म्हणू नये. बंद घराचं दार उघडलं की जमलेल्यांचे हात शिवशिवायला लागतात. कुणी केरसुणी शोधतं, कुणी रद्दी बांधायला घेतं. दुःखात हाताला काम बरं वाटतं हे खरंच, पण आवरणं म्हणजे पुरावा पुसणंसुद्धा असतं. घड्याळाशेजारी त्याची पावती पडलेली असते, पदकाखाली ते का मिळालं ते पत्र असतं. आवरणाऱ्याने कागद कागदांत आणि वस्तू वस्तूंत लावल्या की ही सोबत तुटते, आणि पुढे मूल्यांकनाला आलेला माणूस विचारतो, ‘याचे कागद आहेत का?’ असतात. कुठल्या पिशवीत, ते कुणालाच सांगता येत नाही.

म्हणून आधी फोटो. प्रत्येक खोली चारही कोपऱ्यांतून, मग कपाट बंद असताना, मग उघडून, मग एकेक खण. पहिल्या दिवशी हात लावायचा तो मोजक्या गोष्टींना: फ्रिज रिकामा करून दार उघडं ठेवायचं, पाण्याचा मुख्य नळ आणि गॅस बंद, कुलपं बदलायची. रोकड, दागिने आणि महत्त्वाचे कागद दोघांच्या देखत मोजून, सही घेऊन सुरक्षित ठेवायचे. आणि विमा कंपनीला कळवायचं. घर रिकामं पडलं की पुष्कळ पॉलिसींचं संरक्षण 30 किंवा 60 दिवसांनंतर आखडतं. पाइप फुटून छत गळायला लागलं की मग हे कलम सापडतं.

यादी खोलीवार करावी, दारापासून सुरू करून एकाच दिशेने. ही रीत जुनी आहे. 1656 साली ॲमस्टरडॅममध्ये चित्रकार रेम्ब्रांटचं दिवाळं निघालं तेव्हा अधिकाऱ्यांनी त्याच्या घरातल्या सामानाची अशीच खोलीवार नोंद केली. 363 नोंदींची ती यादी पुढे इतकी उपयोगी पडली की तिच्याच आधाराने त्या घराच्या खोल्या पुन्हा मांडता आल्या. सावकारांसाठी केलेल्या यादीकडून एवढी अपेक्षा कुणी ठेवली नसेल. प्रोबेटच्या, म्हणजे मृत्युपत्र न्यायालयाकडून मंजूर करून घेताना द्यायच्या, यादीला इतका मान मिळत नाही, पण तिची कसोटी तीच: घर न पाहिलेल्या माणसाला ती वाचून कोणती वस्तू कुठे होती हे कळलं पाहिजे. ‘किरकोळ सामान, एक खोली’ ही नोंद वाचून कर अधिकारी सावध होतो आणि भावंडं भांडायला लागतात. वस्तूंना द्यायचे चिकटपट्टीचे नंबर मात्र लाकडी पॉलिशवर किंवा चित्राच्या पाठीवर थेट लावू नयेत, निघताना ते रंगही घेऊन निघतात. दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी बरी.

खरा गोंधळ किमतीचा. एकाच अंगठीचे तीन आकडे असतात: विमा पॉलिसीतला, दुकानातला आणि लिलावात येणारा. विम्याचा आकडा सगळ्यांत मोठा, कारण तो नवी घेण्याचा खर्च असतो, आणि वारसांच्या तोंडी नेमका तोच बसलेला असतो. प्रोबेटला लागते ती सहसा मृत्यूच्या दिवशीची किंमत, वस्तू खुल्या बाजारात विकायला काढली असती तर जी आली असती ती. घेतली तेव्हाची पावती इथे कामाची नाही, मायेची किंमत तर नाहीच. आयुष्यभर ‘हे लाख मोलाचं’ म्हणून जपलेलं अवजड शिसवी कपाट उचलायला उलट पैसे मोजावे लागतात, आणि कोपऱ्यातला मळका कॅमेरा साऱ्या घराचा खर्च काढून देतो.

व्हॅल्युअर, म्हणजे किंमत ठरवणारा जाणकार, नेमताना दोनच गोष्टी पाहाव्यात. त्याची फी तासावर किंवा ठरीव असावी, किमतीच्या टक्केवारीवर नको, नाहीतर आकडा फुगवण्यातच त्याचं हित राहतं. आणि ज्याला माल विकत घ्यायचा आहे त्याच्याकडून मूल्यांकन घेऊ नये. ‘सामान घेऊन जातो, त्या बदल्यात घर फुकट रिकामं करून देतो’ म्हणणारेही भेटतात. त्या फुकटात नक्की काय गेलं हे यादी नसेल तर कधीच कळत नाही. अहवाल लेखी हवा, त्यात मृत्यूची तारीख आणि किंमत कोणत्या पायावर धरली ते हवं. दागिन्यांचं वजन, शुद्धतेच्या शिक्क्याचा आकडा (सोन्यावर 916 म्हणजे 22 कॅरट, 750 म्हणजे 18, चांदीवर 925) आणि खडे कोंदणातून न काढता घेतलेली मापं, एवढं त्यात नसेल तर तो अहवाल नव्हे, अंदाज.

आणि ढीगभर एकसारख्या वस्तू असतील तर? अमेरिकन शिल्पकार डेव्हिड स्मिथ 1965 मध्ये गेला तेव्हा त्याच्या मालमत्तेत त्याचीच 425 शिल्पं होती. एक्झिक्युटरांचं म्हणणं, सगळी एकदम बाजारात आणली तर भाव कोसळेल. मालमत्तेवरच्या करासाठी त्यांनी मूल्य धरलं 7,14,000 डॉलर. कर खात्याने प्रत्येक शिल्पाची सुटी किंमत जोडून 42,84,000 चा आकडा मांडला. 1972 मध्ये कर न्यायालयाने 27,00,000 ठरवले. एकगठ्ठा मालाला सूट मिळते, हे तत्त्व त्या निकालाने पक्कं केलं. चारशे जुनी रेकॉर्डं किंवा दोन हजार टपाल तिकिटं मागे ठेवून गेलेल्या माणसाच्या एक्झिक्युटरनेही ते लक्षात ठेवायला हरकत नाही. एका तिकिटाचा भाव गुणिले दोन हजार हे गणित कागदावरच राहतं.

किंमत घालवण्याचे प्रकार मात्र अगदी घरगुती असतात. नाणी घासून चकचकीत करणं हा त्यातला सगळ्यांत लाडका. संग्राहकाला त्यावरचा काळा थर हवा असतो, घासलेलं नाणं त्याच्या लेखी बाद. सहा खुर्च्यांचा संच तीन भावंडांत दोन-दोन वाटला की संचाची किंमत तिथेच संपते. पहिल्या आवृत्तीच्या पुस्तकाचं फाटकं वेष्टन टाकून देतात, आणि पुष्कळदा निम्म्याहून जास्त किंमत त्या वेष्टनातच असते.

आता पसारा. घर पसाऱ्याने भरलेलं असणं आणि त्यात मान वळवायलाही जागा नसणं यांत फरक आहे. 2013 पासून मानसिक आजारांच्या अमेरिकी वर्गीकरणात साठवणुकीच्या आजाराला वेगळं स्थान आहे. न्यूयॉर्कच्या कॉलिअर बंधूंचं घर 1947 मध्ये रिकामं केलं तेव्हा शंभर टनांहून जास्त सामान निघालं, त्यात 14 पियानो. चोरांसाठी लावलेल्या आपल्याच सापळ्यात, ढिगाखाली दबून धाकटा भाऊ लँगली गेला. थोरला होमर आंधळा आणि पांगळा, तो उपाशी मेला. होमर सापडल्यावर दोन आठवड्यांहून जास्त शोध चालला, आणि लँगली निघाला त्याच्यापासून जेमतेम दहा फुटांवर.

म्हणून अशा घरात काम दारापासून आत आणि वरून खाली करायचं. ढीग खालून कधी ओढायचा नाही, आणि मागे बाहेर पडायची वाट मोकळी ठेवायची. वरच्या मजल्यावर रद्दी असेल तर आधी वजन पाहावं: घराची जमीन साधारणपणे चौरस मीटरमागे 150 ते 200 किलो धरून आखलेली असते, आणि छातीएवढी रचलेली वर्तमानपत्रं त्याच्या दुपटीवर सहज जातात. उंदरांच्या लेंड्या कोरड्या झाडू नयेत. एक भाग ब्लीचला दहा भाग पाणी घालून भिजवायच्या, पाच मिनिटं थांबायचं, मग हातमोजे घालून पुसायच्या. औषधं, रंगाचे डबे आणि सिलिंडर वेगळे काढायचे. बंदूक किंवा काडतूस सापडलं तर हात न लावता पोलिसांना बोलवायचं.

पिशव्या पारदर्शक घ्याव्यात. काळ्या पिशवीत काय गेलं हे तासाभराने भरणारालाही आठवत नाही. पुस्तक दोन्ही पुठ्ठ्यांनी उलटं धरून झटकायचं, खण पूर्ण बाहेर काढून त्याची पाठ आणि तळ पाहायचा, कोटाचे खिसे, पडद्यांची दुमड, पिठाचा डबा, फ्रीझर. पैसे लपवणारी माणसं फार कल्पक नसतात, पण शोधणारी त्यांच्याहून आळशी असतात.

ठेवायचं, द्यायचं, टाकायचं असे तीन ढीग करा, हा सल्ला जिथे तिथे देतात. तो जिवंत माणसाला ठीक आहे, कारण ढीग त्याचाच असतो. एक्झिक्युटरला चौथा ढीग लागतो, ‘माहीत नाही’चा, आणि सुरुवातीला तोच सगळ्यांत मोठा असायला हवा. नसेल तर कुणीतरी फार भरभर काम करतंय.

यादी पूर्ण होईपर्यंत कोणतीच वस्तू बाहेर जात नाही, हे नातेवाइकांना पहिल्याच भेटीत सांगून टाकावं. ‘एवढं घड्याळ फक्त, मला द्यायचं म्हणाली होती’ यावर उपाय एकच: तारीख, फोटो, सही, आणि ‘मूल्यांकनानंतर’. घड्याळाचा मान राखायचा तर तीन आठवडे थांबता येतं. फोटोंचे अल्बम मात्र आधी स्कॅन करून सगळ्यांना वाटून टाकावेत, निम्मी कुरबुर तिथेच मिटते. कर्ज आणि कर भागायच्या आत वाटप केलं तर तूट एक्झिक्युटरच्या खिशातून जाऊ शकते. गप्पांत हे कुणी सांगत नाही, वकील सांगतो, आणि तोही उशिरा.

फोन नंबर बंद करायची घाई करू नये. खात्यांचे ओटीपी त्यावरच येतात, आणि कुठे कुठे खाती होती हेही कधीकधी त्यावरूनच कळतं. टपाल वर्षभर पाहत राहायचं, कारण काही पत्रं वर्षातून एकदाच येतात: लाभांशाची नोटीस, लॉकरचं भाडं, कुठल्या जुन्या विम्याचं स्मरणपत्र. सगळं आटोपलं, हिशेब सह्या होऊन दाखल झाला की अकराव्या महिन्यात नेमकं असं एक येतं. मग पुरवणी यादी जोडायची, कर लागू असेल तर फरकाचा भरायचा आणि टपालावर आणखी काही महिने नजर ठेवायची.