टॉम-जेरीतल्या त्या बाईचे पाय

शनिवार, रात्री

आज डोक्यात टॉम-जेरीतली ती काळी घरकामवाली बाई आहे. जाड पाय, सपाता, एप्रन, हातात झाडू. १९४० च्या 'पस गेट्स द बूट' या भागात ती आली आणि १९५२ च्या 'पुश-बटन किटी'नंतर गेली. आवाज लिलियन रँडॉल्फ यांचा. श्रेयाच्या पाट्यांमध्ये त्यांचं नाव नाही, ही गोष्ट मला अजून टोचते.

चेहरा जवळजवळ कधीच दिसत नाही, कारण सगळं दृश्य मांजर-उंदराच्या उंचीवरून रेखाटलेलं. पण गोऱ्यांच्या घरात राबणारी, लठ्ठ, खेकसणारी 'मॅमी' हा साचा हॉलिवूडमध्ये आधीपासूनच पक्का होता. ही बाई पडद्यावर आली त्याच फेब्रुवारीत काळ्या अभिनेत्री हॅटी मॅक्डॅनिएल यांना तशाच भूमिकेसाठी ऑस्कर मिळालं, आणि समारंभात त्यांना सहकलाकारांपासून वेगळ्या टेबलावर बसवलं गेलं.

साठच्या दशकात टीव्हीसाठी काही भागांत तिला पुसून तिच्या जागी सडपातळ गोरी बाई काढली. ॲनिमेशन दिग्दर्शक चक जोन्स यांच्या चमूने ते केलं, आवाज जून फोरे यांचा, आयरिश ढंगाचा. म्हणजे एक साचा काढून दुसरा बसवला: आयरिश मोलकरीण हीसुद्धा अमेरिकी विनोदातली जुनीच चेष्टा.

हे काम वाटतं तितकं सोपं नाही. सेकंदाला २४ चौकटी, म्हणजे सात मिनिटांच्या फितीत दहा हजारांवर. मूळ सेल (पात्रं रंगवलेले पारदर्शक कागद) हाताशी नसतील तर तयार फिल्मवरूनच एकेक चौकट गिरवावी लागते. जाड पाय बारीक केले की त्यांच्यामागे झाकलेली फरशी उघडी पडते, ती नव्याने रंगवायची. तिने टॉमला मानगुटीला धरलं असेल तर हाताबरोबर टॉमही पुन्हा काढायचा. आणि सगळं जमलं तरी चाल फसते, कारण पावलांची लय जड देहासाठी आखलेली असते. त्याच लयीत काटकुळे पाय टाकले की बाई दणदण आपटत चालते, वजन मात्र कुठेच जाणवत नाही.

'सॅटर्डे ईव्हनिंग पस'मध्ये (१९५०) तर ती घराकडे धावत येताना क्षणभर चेहऱ्यासकट दिसते. बदललेल्या प्रतीत तिथे एक तरुण गोरी मुलगी आहे. चेहरा दिसण्याची ती एक संधी, तीही गेली.

नव्वदच्या दशकात चित्र मूळचंच ठेवून थिया विडेल यांच्या आवाजात संवाद पुन्हा भरले. इथली अडचण ध्वनिपट्टीची. संवाद, संगीत आणि धडामधुडूम एकाच पट्टीवर मिसळलेले असतील तर आवाज काढताना खालचं संगीतही जातं.

स्फोटाने किंवा कोळशाने टॉमचा चेहरा काळा करून काळ्या माणसांची चेष्टा करणारे विनोद मात्र वेगळे. 'माउस क्लीनिंग'चा (१९४८) शेवट आजही बघवत नाही, आणि २००७ च्या डीव्हीडी संचात तो भाग घेतलाच नाही. तरी मला २००५ च्या संचातली वाट पटते: सुरुवातीला अभिनेत्री व्हूपी गोल्डबर्ग सरळ सांगतात की हे तेव्हाही चूक होतं, आजही चूक आहे, पण पुसून टाकणं म्हणजे ते कधी घडलंच नाही असं म्हणणं.

मुलांना दाखवताना आधी पाय बघावेत. गोरे आणि बारीक दिसले, तर ती साठच्या दशकातली बदललेली प्रत. सावळे आणि जाड असले तरी आवाज कुणाचा ते ऐकावं लागतं, आणि तो लिलियन रँडॉल्फ यांचा असेल तर मुलांना त्यांचं नाव आपणच सांगायचं.