पॅट्रियट तेल अवीवला का गेले

मोठी राष्ट्रे आपली संरक्षण यंत्रणा मित्रांना का देतात, या प्रश्नाला मैत्री आणि शस्त्रविक्रीचा नफा ही ठरावीक उत्तरे मिळतात. ती चुकीची नाहीत, पण मला त्याहून महत्त्वाचे वाटणारे कारण १९९१ च्या आखाती युद्धात दिसते.

१८ जानेवारीच्या पहाटे इराकची स्कड क्षेपणास्त्रे तेल अवीव आणि हैफावर पडली. इस्रायल त्या युद्धात उतरलेलाच नव्हता. त्याने चिडून उलट हल्ला करावा, म्हणजे इजिप्त, सीरिया आणि सौदी अरेबिया या अरब देशांना अमेरिकेच्या बाजूने उभे राहणे अवघड होईल आणि इराकच्या ताब्यातून कुवेत सोडवण्यासाठी जमलेली आघाडी फुटेल, हा सद्दाम हुसेन यांचा डाव होता. विषारी वायूच्या धास्तीने लोकांनी घरातली एक खोली प्लास्टिक आणि चिकटपट्टीने बंद केली होती, दाराखालच्या फटीत ओला टॉवेल कोंबला होता आणि भोंगा वाजताच मुलांच्या तोंडावर मास्क चढवले जात होते. अशा रात्री काढणाऱ्या जनतेला संयम राखायला सांगणे पंतप्रधान यित्झाक शमीर यांना किती जड गेले असेल! त्यांना ते जमावे म्हणून अमेरिकेने पॅट्रियट या क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणेच्या तुकड्या आपल्या सैनिकांसह तातडीने विमानाने धाडल्या.

पॅट्रियटने किती स्कड खरोखर पाडली यावर पुढे बराच वाद झाला आणि सुरुवातीचे दावे टिकले नाहीत. तरीही इस्रायलने प्रतिहल्ला केला नाही आणि आघाडी अभंग राहिली. अमेरिकेला त्या तुकड्यांकडून मुख्यतः हेच हवे होते, असे माझे ठाम मत आहे. शिवाय स्कड सुटल्याची सूचना अमेरिकी उपग्रहांकडून येई आणि आसरा गाठायला मिळणारी ती मोजकी मिनिटे सर्वस्वी वॉशिंग्टनच्या हाती असत. ज्याच्या भरवशावर आपली मुले सुरक्षित आहेत, त्याचा शब्द मोडणे कोणत्याही सरकारला सोपे नसते.

ऑक्टोबर २०२४ मध्ये इराणच्या क्षेपणास्त्र हल्ल्यानंतर अमेरिकेने थाड ही क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा आणि सुमारे १०० सैनिक इस्रायलला पाठवले. त्याच दिवसांत अध्यक्ष बायडेन इराणच्या अणुकेंद्रांवरील हल्ल्याला आपला पाठिंबा नसल्याचे जाहीरपणे सांगत होते, आणि तेलक्षेत्रांऐवजीही दुसऱ्या पर्यायांचा विचार व्हावा असे त्यांनी सुचवले होते. थाड तैनात झाल्यावर, २६ ऑक्टोबरला इस्रायलची विमाने निघाली आणि त्यांनी तेलक्षेत्रे वगळली.