कोथरूडच्या गल्लीतला पुनर्विकास : जमिनीलगतचे पहिले तीन मीटर

आमची सोसायटी १९८०च्या दशकातली. तळमजला अधिक तीन मजले, २० सदनिका, २५ मीटर रुंद आणि ४० मीटर खोल प्लॉट, समोर ९ मीटरचा रस्ता. पुण्याच्या कोथरूडमध्ये असे प्लॉट गल्लोगल्ली आहेत आणि एकेकावर दहा मजले चढत आहेत. सोसायट्यांच्या सभांत भांडण होतं ते वाढीव कार्पेट (घराच्या आतलं वापरायचं क्षेत्रफळ), बांधकाम चालू असतानाचं भाडं आणि कॉर्पस (बिल्डरने द्यायची एकरकमी रक्कम) या तीन आकड्यांवर. नवी इमारत गल्लीत कशी उभी राहणार हे नकाशात ठरतं, आणि नकाशा सभासदांपुढे येतो तोवर बिल्डर नेमून झालेला असतो. आम्ही हा क्रम उलटा केला : आधी नकाशाच्या अटी, मग निविदा.

त्याआधी कागदपत्रं. मानीव अभिहस्तांतरण (डीम्ड कन्व्हेयन्स) करून जमीन सोसायटीच्या नावावर आणली, मालमत्ता पत्रकावर (प्रॉपर्टी कार्डवर) नोंद करून घेतली आणि लगेच हद्द कायम मोजणी, म्हणजे प्लॉटच्या हद्दींची सरकारी मोजणी, मागवली. मोजणी शेवटी ठेवू नये. कंपाउंडच्या आतली जागा पत्रकातल्या क्षेत्रापेक्षा कमी निघाली तर एफएसआय (प्लॉटच्या किती पट बांधता येईल ते प्रमाण) कमी क्षेत्रावर धरला जातो, आणि बिल्डरने कबूल केलेला वाढीव एरिया तिथेच घसरतो. पुनर्विकासाबाबतच्या ४ जुलै २०१९च्या शासन निर्णयाप्रमाणे बिल्डर निवडण्याच्या विशेष सर्वसाधारण सभेला दोन तृतीयांश सभासद हजर लागतात आणि एकूण सभासदांपैकी ५१ टक्क्यांची मान्यता लागते. गणपूर्तीचा हिशेब आधीच मांडून ठेवा, परगावच्या सभासदांना तारीख महिनाभर आधी कळवा.

आता आकाराचं गणित. राज्याच्या बांधकामाच्या डिसेंबर २०२०च्या एकत्रित नियमावलीप्रमाणे ९ मीटर रस्त्यावर मूळ एफएसआय १.१०, त्यात प्रीमियम (शुल्क भरून मिळणारा) आणि टीडीआर (दुसऱ्या जागेवरचा विकत घेतलेला बांधकाम हक्क) मिळवून २. त्यावर ६० टक्के ॲन्सिलरी, म्हणजे जिने, लिफ्ट, बाल्कनी अशांसाठीचा पूरक एफएसआय. म्हणजे १,००० चौरस मीटरच्या प्लॉटवर ३,२०० चौरस मीटर. आमच्या नकाशात दोन्ही बाजूंना आणि मागे ६ मीटर, समोर ३ मीटर सोडून १३ बाय ३१ मीटरचा पट्टा उरला. एका मजल्यावर साधारण ४०० चौरस मीटर, म्हणजे ६ मीटर उंचीच्या पार्किंगवर आठ मजले, एकूण ३० मीटर. इमारतीचा साचा इथेच ठरून जातो. सभासदांच्या हातात राहतं ते खालचे तीन मीटर, पश्चिमेची भिंत आणि शेजाऱ्याकडची बाजू. आम्ही सगळा जोर तिथे लावला.

पहिल्या आराखड्यात रस्त्याला लागून यांत्रिक पार्किंगचा लोखंडी सांगाडा होता, त्याच्यापुढे माणूसभर उंचीची भिंत. अशा चार इमारती ओळीने झाल्या की गल्लीकडे बघणारी एकही खिडकी जमिनीजवळ उरत नाही, रात्री तिथून चालायला नको वाटतं. आम्ही समोरचे ४ मीटर पार्किंगमधून काढून घेतले आणि तिथे सोसायटीचं ऑफिस, वॉचमनची खोली आणि रस्त्याकडे तोंड करून कट्टा मागितला. कंपाउंडची भिंत मीटरभर, वर जाळी. समोरच्या गेलेल्या जागा मागे दोनऐवजी तीन थर करून भरून निघाल्या. मात्र वरच्या थरांत उंच गाड्या मावत नाहीत. पार्किंग वाटताना प्रत्येक गाडीची उंची लिहून घ्या, नाहीतर ताब्याच्या दिवशी वाद ठरलेला.

रॅम्पची चूक मला सगळ्यात जास्त खुपते, कारण ती कागदावर दिसत नाही. उतार १ला १० ठेवायचा आणि जोतं (तळमजल्याची पातळी) रस्त्यापेक्षा ४५० मिलिमीटर उंच घ्यायचं, तर रॅम्प साडेचार मीटर लांब लागतो. समोर जागा तीन मीटर. उरलेला दीड मीटर फुटपाथवर येतो आणि काठी टेकत चालणाऱ्या आजी रस्त्यावर उतरतात. आम्ही जोतं ३०० मिलिमीटरवर आणलं, रॅम्प गेटच्या आत मावला. पाणी आत येऊ नये म्हणून गेटपाशी आडवी जाळीची गटार घेतली. प्लॉट भरून उंच केला असता तर तेच पाणी शेजारच्या बंगल्यात गेलं असतं.

शेजाऱ्याच्या उन्हावर पूर्ण उपाय नाही, हे सरळ सांगते. पुण्यात २१ डिसेंबरला भरदुपारी सूर्य ४८ अंशांवर असतो. ३० मीटर इमारतीची सावली उत्तरेला २७ मीटर पडते. आमच्या आणि उत्तरेच्या तीन मजली इमारतीत अंतर ९ मीटर, म्हणजे हिवाळ्यातलं दुपारचं ऊन त्यांच्या दक्षिणेच्या खिडक्यांतून गेलंच. त्यांना आम्ही नकाशा दाखवला, उत्तरेची भिंत पांढरी ठेवली आणि ड्राय बाल्कन्या (धुण्याभांड्याच्या) त्या बाजूला घेतल्या नाहीत. पश्चिमेला बिल्डरने काचेचं एलेव्हेशन (दर्शनी बाजू) सुचवलं होतं. ते काढून खिडक्या अरुंद केल्या आणि बाजूला उभ्या पट्ट्या घेतल्या. तिथे नुसत्या छज्ज्याचा उपयोग नाही, चार वाजताचं ऊन आडवं येतं.

समोरच्या आंब्याखाली ट्रान्सफॉर्मर दाखवला होता. महावितरणला तो रस्त्याकडूनच हवा असतो, म्हणून आंबा वाचवायचा तर दुसरा कोपरा पहिल्याच नकाशात राखून ठेवावा लागतो. बुंध्यापासून तीन मीटर जेसीबी नाही, मातीचा ढीग नाही, असं करारात लिहून घेतलं. राज्याच्या झाडांच्या कायद्यातल्या २०२१च्या दुरुस्तीनंतर तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी झाडं लावावी लागतात, हे सांगितल्यावर बिल्डरचा आर्किटेक्टही नकाशा फिरवायला तयार झाला.

करार वाचताना दोन वाक्यं शोधा. कार्पेट रेराच्या (स्थावर मालमत्ता नियमन कायद्याच्या) व्याख्येनेच लिहिलेलं हवं : आतल्या भिंती त्यात येतात, बाल्कनी येत नाही. जुन्या मापात बाल्कनी मिसळून ‘वाढीव’ टक्के फुगवले जातात. दुसरं, ‘एलेव्हेशन व तळमजल्यात बदल करण्याचा अधिकार विकसकाकडे राहील’ हे वाक्य. आम्ही ते काढायला लावलं आणि मापांसह तळमजल्याचा नकाशा करारनाम्याला परिशिष्ट म्हणून जोडला. दोन बिल्डर त्यामुळे निविदेतून मागे हटले.

एक गोष्ट आमच्याकडून राहिली. एसीच्या बाहेरच्या युनिटची जागा नकाशात दाखवली नव्हती. ताब्यानंतर लोकांनी ती उत्तरेच्या भिंतीवर लावली आणि गरम हवा सरळ शेजाऱ्यांच्या खिडक्यांकडे जाऊ लागली. आता ती युनिट दक्षिणेच्या डक्टमध्ये हलवतो आहोत. तांब्याची नळी लांबल्याचा खर्च ज्याचा त्याने द्यायचा, असा ठराव झाला आहे. आठपैकी पाच युनिट हलली, तीन बाकी आहेत.