कुशीवर झोपणाऱ्यांची मॅट

मी कुशीवर झोपते. ट्रेकसाठी मॅट घ्यायला गेलं की दुकानात वजन विचारतात, बजेट विचारतात, पण झोपता कसे हे कोणी विचारत नाही. सुरुवात तिथूनच व्हायला हवी. पाठीवर झोपणाऱ्याचा भार पसरतो, त्याला दोन सेंटिमीटरची फोमची मॅट चालून जाते. कुशीवर सगळा भार खांद्यावर आणि कमरेच्या हाडावर येतो. रतनगडाहून कात्राबाईच्या खिंडीतून हरिश्चंद्रगडाकडे निघालात आणि मुक्काम कातळावर पडला, तर मध्यरात्री ते हाड ठणकायला लागतं. मग दुसऱ्या दिवशी पाठीवर सॅक घेऊन चढताना जीव जातो.

म्हणून मला हवेचीच मॅट लागते, निदान सात सेंटिमीटर जाडीची. ती टम्म फुगलेली ठेवायची नाही. आधी पूर्ण भरायची, तिच्यावर कुशीवर आडवं व्हायचं आणि व्हॉल्व्ह किंचित उघडून हवा सोडत राहायची. कंबर छान रुतली पाहिजे, पण हाड जमिनीला टेकता कामा नये. तो क्षण आला की व्हॉल्व्ह बंद. रात्री गारठ्यानं आतली हवा आकसते आणि मॅट मऊ पडते. लगेच पंक्चर शोधू नका, थोडी हवा भरा. तीही पंपाच्या पिशवीनं, कारण तोंडानं फुंकलं की श्वासातला ओलावा आत जाऊन बसतो.

थंडीचं म्हणाल, तर स्लीपिंग बॅग कितीही भारी असो, तिच्यात भरलेली पिसं अंगाखाली दबली की ऊब धरत नाहीत. जमिनीची थंडी मॅटनंच अडवायची. त्यासाठी आर-व्हॅल्यू बघा, म्हणजे मॅट थंडी किती अडवते त्याचा आकडा; तो जितका मोठा तितकी मॅट उबदार. 2018 मध्ये एएसटीएम या मानकं ठरवणाऱ्या संस्थेनं ती मोजण्याची पद्धत ठरवून दिली, त्या पद्धतीनं मोजलेले आकडे वेगवेगळ्या कंपन्यांचे असले तरी ताडून बघता येतात. सह्याद्रीत डिसेंबरात मला 2 पुरते. हिमालयात बर्फावर तंबू लागणार असेल तर मी 5 च्या खाली जात नाही. दोन मॅट एकावर एक घातल्या की आकड्यांची सरळ बेरीज होते: फोमची 2, हवेची 3.5, म्हणजे 5.5. शिवाय फोम खाली असला की काट्याकुट्यांपासून हवेची मॅट वाचते. चारएकशे ग्रॅम वाढतात, ते मी आनंदानं वाहते.

माझी एक मैत्रीण वजन वाचवायला गुडघ्यापर्यंतचीच मॅट नेते आणि पायाखाली रिकामी सॅक पसरते. सह्याद्रीत ठीक आहे. बर्फावर मात्र मी तिला तसं झोपू देणार नाही.