आमची वाटचाल : दोन दिवसांत उगवण सांगणारी लॅब

रबाळे एमआयडीसीत आमची बियाणे तपासणीची लॅब सुरू झाली तेव्हा एक इनक्यूबेटर, एक मायक्रोस्कोप आणि पाण्यातून वीज किती सहज वाहते ते मोजणारा कंडक्टिव्हिटी मीटर एवढंच भांडवल होतं. उगवण चाचणीला भेंडीला २१ दिवस लागतात, मिरची-टोमॅटोला १४. जून तोंडावर आला की दुकानदाराला एवढी सवड कुठली? म्हणून आम्ही टेट्राझोलियमवर, म्हणजे बी जिवंत आहे की मेलेलं हे रंगावरून सांगणाऱ्या द्रावणाच्या चाचणीवर भर दिला.

मग शेजारच्या गल्लीत एकाने निम्म्या दरात ‘तासाभरात रिपोर्ट’ सुरू केला आणि आमचं कंबरडं मोडलं. त्याची चाचणी काय, तर बी पाण्यात टाकायचं. तरंगलं ते वाईट, बुडालं ते चांगलं. अहो, पोचट बी तरंगतं हे खरं, पण दमट गोदामात मेलेलं भरीव बीसुद्धा बुडतंच! जुनी गिऱ्हाइकं एकेक करून तिकडे वळली. पगार थकले, भाडं थकलं, इनक्यूबेटर विकायची बोलणी झाली.

मुरबाडचे एक दुकानदार काका मात्र हलले नाहीत. त्या हंगामात त्यांनी भेंडीचा एक लॉट आणला. पाण्यात जवळपास सगळा बुडणारा. आम्ही बी रात्रभर भिजवलं, ब्लेडने उभं चिरलं, तपकिरी बाटलीतलं द्रावण ओतून ३० अंशांवर अंधारात ठेवलं. जिवंत पेशी या रंगहीन द्रावणातून लाल रंग तयार करतात. इथे दलं गुलाबी, पण मुळांची टोकं बहुतेक पांढरीफटक. काकांना चिमट्यात धरून दाखवलं. त्यांनी लॉट परत केला. ज्यांनी तोच लॉट विकला, त्यांच्या शेतकऱ्यांवर दुबार पेरणी आली. त्यानंतर गिऱ्हाइकं परतली. ‘तुमचं बरोबर होतं’ असं एकानेही म्हटलं नाही. ते आजही सलतं.

टेट्राझोलियममध्ये बुरशी कळत नाही, त्यामुळे कागदावरची उगवण चाचणी आम्ही सोबत लावतोच. वाटाण्याला कंडक्टिव्हिटी बघतो. बी कमजोर असेल तर भिजवलेल्या पाण्यात क्षार जास्त उतरतात.

आता सांगतोच. कांद्याचं बी लवकर मरतं, स्वस्त मिळालं म्हणून गेल्या वर्षीचं उचलू नका. आपल्या ठाण्याच्या पावसाळी हवेत फोडलेलं पाकीट उघडं ठेवू नका. आणि नमुना आणताना पोत्याच्या तोंडाशी हाताला लागलं ते मूठभर नको. वरून, मधून, तळातून काढा. उगवण चाचणीलाच ४०० बिया लागतात.